रेकॉर्ड कशात करायचं, ठेवायचं कशात आणि ऐकायचं कशात?

आमच्या गाण्याच्या क्लासात गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून ग्रुपवर रेकॉर्डिंग पडायला लागतात. कुणी फोनवर केलेलं असतं, कुणाच्या भावाने छोटा रेकॉर्डर लावलेला असतो. मग तिसऱ्या दिवशी हमखास विचारणा होते, "ताई, माझा आवाज असा डब्यातून आल्यासारखा का येतोय? एमपीथ्री चांगलं की वॅव्ह?" याला एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण त्या एका प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. ते तीन सुटे करावेत म्हणून हा लेख. वाचणारा गाणं-वाजवणं शिकणारा असेल, भजनी मंडळातला असेल, किंवा घर आवरताना त्याला कपाटात चौकोनी प्लास्टिकच्या चकत्यांचा डबा सापडला असेल, असं धरून लिहिते आहे.

पायरी १ : तीन कामं वेगळी करा

रेकॉर्ड करणं, जपून ठेवणं आणि ऐकणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. तिन्हींसाठी एकच फॉर्मॅट शोधायला गेलात की कुठेतरी फसता. रेकॉर्ड करताना काहीही सांडू नये हे महत्त्वाचं. ठेवताना वीस वर्षांनी उघडता आलं पाहिजे हे महत्त्वाचं. ऐकताना मात्र फोनमध्ये, गाडीत, आजीच्या छोट्या स्पीकरवर वाजलं पाहिजे, एवढंच.

दुसरा गोंधळ डबा आणि ऐवज यांचा. मिनीडिस्क, म्हणजे चौकोनी प्लास्टिकच्या कवचातली छोटी चकती, हा डबा. तिच्यातला ऐवज ॲट्रॅक नावाच्या पद्धतीने भरलेला. सीडी हाही डबाच. तिच्यात पूर्ण, न आवळलेला आवाज असू शकतो किंवा दीडशे एमपीथ्री गाणी. कार्ड, पेनड्राइव्ह, टेप हे सगळे डबे. कुणी "माझ्याकडे सीडी आहे" म्हटलं तर मी आधी विचारते, आत काय आहे?

ऐवजाच्या जाती तीनच. पहिली कच्चा आवाज : जसा मोजला तसा लिहून ठेवला. वॅव्ह फाईल ती हीच. दुसरी वळकटी : प्रवासाला निघताना आपण गादी गुंडाळून दोरीने करकचून बांधायचो तशी. आकार निम्म्याच्या आसपास येतो, पण सोडली की गादी होती तशीच. फ्लॅक आणि ॲपलचं अलॅक या वळकट्या. तिसरी छाटणी : कानाला फारसं जाणवणार नाही असं जे जे वाटलं ते कापून टाकलं. एमपीथ्री, एएसी, ॲट्रॅक, ओपस सगळे या जातीचे. छाटणीत जे गेलं ते गेलं. एमपीथ्रीची वॅव्ह फाईल करून देणारी सॉफ्टवेअरं आहेत आणि लोक ती उत्साहाने वापरतातही, पण ताकाचं दूध होत नाही. फाईल फक्त फुगते.

पायरी २ : दोन आकडे समजून घ्या

कोणत्याही रेकॉर्डरच्या मेनूत दोन आकडे दिसतात. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ हा एक. १६ किंवा २४ बिट हा दुसरा. पहिला आकडा सेकंदाला किती वेळा आवाज मोजला ते सांगतो. ज्या कंपनापर्यंतचा आवाज पकडायचा त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावं लागतं. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. म्हणून ४४.१ पुरतं.

हा ४४.१ असा विचित्र आकडा आला कुठून? १९७०च्या दशकाच्या शेवटी एवढी माहिती मावेल असं सोयीचं साधन होतं व्हिडिओ टेप. आवाजाचे आकडे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात चित्राच्या ओळींवर लिहीत. एका ओळीत तीन मोजमापं. अमेरिकी-जपानी पद्धतीत वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. युरोपी पद्धतीत २९४ ओळी, सेकंदाला ५० वेळा. दोन्हीकडे गुणाकार करा, उत्तर ४४,१०० येतं. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा हाच आकडा तिला चिकटला आणि आजवर सुटलेला नाही.

दुसरा आकडा, बिटचा, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर किती टिपता येईल ते ठरवतो. एका बिटला साधारण ६ डेसिबल धरा. १६ बिटला ९६, २४ बिटला १४४. ऐकण्यासाठी १६ भरपूर झाले. रेकॉर्ड करताना २४ का घ्यायचे, ते पाचव्या पायरीत.

दोन्ही आकड्यांवरून जागेचा हिशेब करता येतो. स्टीरिओ आवाज सीडीच्या दर्जाने मिनिटाला सुमारे १०.६ एमबी खातो, म्हणजे तासाला ६३५ एमबी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट घेतलेत तर तासाला १ जीबीच्या किंचित वर. ९६ किलोहर्ट्झ केलंत की दुप्पट. ३२० केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला ३२० हजार बिट घेणारं) एमपीथ्री तासाला १४४ एमबी, १२८चं तर फक्त ५८. हे आकडे वहीत लिहून ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी कार्डात किती जागा लागेल हा प्रश्न विंगेत उभं राहून सोडवायचा नसतो.

पायरी ३ : घरात सापडलेला डबा ओळखा

आता जुन्या वस्तूंकडे. खिशात मावणारं डिजिटल रेकॉर्डिंग हे फोनच्या खूप आधी आलं आणि त्यात तीन घराणी झाली.

डॅट हे पहिलं. १९८७ साली जपानमध्ये सोनीने आणलं. नेहमीच्या कॅसेटपेक्षा लहान, जाड काडेपेटीसारखी कॅसेट. आत ४ मिलिमीटरची टेप आणि यंत्रात व्हिडिओ रेकॉर्डरसारखं गरगर फिरणारं हेड. ऐवज कच्चा, १६ बिट, ४८ किंवा ४४.१ किलोहर्ट्झ. म्हणजे दर्जाला सीडीइतकं किंवा कणभर सरस. रेकॉर्ड कंपन्या घाबरल्या, कारण नकलेची नक्कल काढली तरी आवाज उतरत नव्हता. मग घरगुती यंत्रांत एक कुलूप बसवलं गेलं : मूळ वस्तूवरून एकदा डिजिटल नक्कल काढता येई, त्या नकलेवरून पुन्हा नाही. घरोघरी डॅट कधी पोचलंच नाही. स्टुडिओंनी मात्र उचलून धरलं आणि १९९०च्या दशकात अनेक मास्टर, म्हणजे ज्यांवरून पुढच्या प्रती निघतात ती मूळ ध्वनिमुद्रणं, त्यावरच झाले. सोनीने यंत्रं बनवणं २००५ साली थांबवलं. तुमच्या घरी डॅट कॅसेट निघाली तर बहुधा कुणीतरी व्यावसायिक ध्वनिमुद्रण केलेलं असणार. जपा.

डीसीसी हे दुसरं. फिलिप्स आणि मात्सुशिता यांनी १९९२मध्ये काढलं. त्याच यंत्रात जुन्या साध्या कॅसेटही वाजत, ही कल्पना खरं तर गोड होती. आवाज ३८४ केबीपीएसला छाटलेला. १९९६पर्यंत खेळ आटोपला. आपल्याकडे ते सापडण्याची शक्यता इतकी कमी की पुढे जाऊ या.

तिसरी मिनीडिस्क, आणि माझा जीव हिच्यात अडकलेला आहे. १९९२च्या शेवटी जपानमध्ये आली. ७ सेंटिमीटरच्या चौकोनी कवचात ६४ मिलिमीटरची चकती. लिहिण्याची रीत मजेदार आहे. खालून लेसर चकतीचा एक बारीक ठिपका तापवतो, इतका की त्या जागेचं चुंबकत्व विरघळतं. वरून चुंबकी हेड त्याच क्षणी नवं चुंबकत्व देतं. ठिपका थंड झाला की ते तिथे गोठतं. म्हणून कपाटात शेजारी लोहचुंबक ठेवला तरी डिस्क सहसा पुसली जात नाही. कॅसेटसारखी टेप अडकणं नाही, गुंडाळणं नाही. चालताना धक्का बसला तरी आवाज तुटत नसे, कारण पुढचे काही सेकंद यंत्र आधीच स्मृतीत भरून ठेवी.

ऐवज ॲट्रॅक पद्धतीने छाटलेला, २९२ केबीपीएस. सीडीच्या सुमारे एक पंचमांश. एका डिस्कवर ७४ किंवा ८० मिनिटं स्टीरिओ, मोनो केलंत तर दुप्पट. माझ्या बाई शिकवायच्या ते मी मोनोतच घ्यायचे. एका डिस्कवर दोन तालमी बसत. २०००मध्ये लाँगप्ले आलं : १३२ केबीपीएसला दुप्पट वेळ, ६६ला चौपट. चौपटच्या मोहात पडलेल्यांच्या डिस्क आज ऐकवत नाहीत. आणखी एक गंमत, लाँगप्लेमध्ये भरलेली डिस्क त्याआधीच्या यंत्रात घातली तर वेळ पुढे सरकताना दिसते पण ऐकू काहीच येत नाही. डिस्क कोरी आहे असं समजून लोकांनी अशा डिस्क टाकून दिल्या आहेत. तुम्ही टाकू नका.

२००४मध्ये हाय-एमडी आलं. १ जीबीची डिस्क, तीवर कच्चा आवाजही रेकॉर्ड करता येई. वस्तू उत्तम होती, पण उशीर झाला होता. ॲपलचा आयपॉड २००१च्या ऑक्टोबरमध्ये ५ जीबी घेऊन आलेला, आणि एमपीथ्री प्रत्येक सायबर कॅफेत पोचलेलं. त्यात सोनीच्या सुरुवातीच्या मेमरी वॉकमनवर एमपीथ्री थेट वाजायचं नाही, आधी ॲट्रॅकमध्ये बदलून घ्यावं लागे. ज्याच्या हातात गाण्यांची पेटी आहे त्याला "आधी आमच्या पेटीत ओता" म्हटलं तर तो दुसऱ्या दुकानात जातो. २०११मध्ये मिनीडिस्क वॉकमन थांबला, २०१३मध्ये शेवटचा डेक, म्हणजे घरात ठेवायचं मोठं यंत्र, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने कोऱ्या डिस्क बनवणंही बंद केलं.

राहिली घरी लिहिलेली सीडी. ती निळसर किंवा हिरवट चमकत असेल तर आत रंगाचा थर आहे, आणि उन्हाने तो मरतो. खिडकीतल्या मांडणीवर ठेवलेल्या सीडीला सगळ्यात आधी हात घाला. मिनीडिस्क थांबेल, ती थांबणार नाही.

पायरी ४ : जुन्या डिस्कमधून आवाज बाहेर काढा

इथे घाई करू नका. क्रम असा ठेवा.

आधी यंत्र तपासा. बॅटरीच्या कप्प्यात पांढरट-हिरवट क्षार दिसले तर कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसा, मग कोरडं करा, मगच नवी बॅटरी घाला. डिस्कच्या कडेला सरकणारी एक खिट्टी असते. ती सरकवून भोक उघडं दिसू द्या. भोक उघडं म्हणजे डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही.

यंत्र आणि डिस्क यांची काळजी मी अनुभवाने शिकले. मिनीडिस्कवर आवाज एका जागी आणि त्याची अनुक्रमणिका दुसऱ्या जागी लिहिली जाते, आणि ही अनुक्रमणिका स्टॉप दाबल्यानंतर लिहिली जाते. एका घरगुती बैठकीत मी सव्वा तास मारवा आणि एक ठुमरी रेकॉर्ड केली होती. यंत्र बॅटरीविना नुसत्या वायरीवर चाललेलं. मी स्टॉप दाबला, पडद्यावर अनुक्रमणिका लिहीत असल्याची अक्षरं लुकलुकत होती, आणि तेवढ्यात कुणीतरी मोबाईल लावायला म्हणून माझी पिन काढली. आवाज डिस्कवर होता, पण तो कुठे आहे हे डिस्कलाच माहीत नव्हतं. पडद्यावर "कोरी डिस्क". तेव्हापासून वायर लावली तरी आत बॅटरी असतेच, आणि यंत्राभोवती मी पिशवी अशी ठेवते की पिन दिसूच नये.

आता काढण्याचे मार्ग. सर्वांत साधा मार्ग : खिशातल्या यंत्राच्या लाइन आउट किंवा हेडफोनच्या भोकातून वायर काढून नव्या रेकॉर्डरच्या लाइन इनमध्ये द्या आणि डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजू द्या. ८० मिनिटांना ८० मिनिटंच लागतात. बास वाढवणारी बटणं बंद करा. आवाज हेडफोनमधून घेत असाल तर पूर्ण न चढवता तीन चतुर्थांश ठेवा. मीटर बघण्यासाठी डिस्कची सुरुवात घेऊ नका. सुरुवातीला आलाप असतो. द्रुत बंदिशीचा किंवा तराण्याचा भाग काढा, तिथे लेव्हल बसवा, मग मागे जाऊन सुरू करा.

घरगुती डेक मिळाला तर त्याला पाठीमागे बऱ्याचदा ऑप्टिकल आउट, म्हणजे प्रकाशाच्या वायरीने डिजिटल आवाज देणारं भोक, असतं. ऑप्टिकल इन असलेल्या ऑडिओ इंटरफेसला (संगणकात आवाज पोचवणाऱ्या डबीला) जोडा, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा. वेळ तितकाच लागतो, पण मधे ॲनालॉगचा टप्पा येत नाही. खिशातल्या बहुतेक यंत्रांना ऑप्टिकल इन असे, आउट नसे. ती वायर घेऊन माझ्यासारखा एक रविवार घालवू नका.

तिसरा मार्ग यूएसबीचा. नेटएमडी म्हणवणारी २००१नंतरची यंत्रं संगणकाला जोडता येत, पण गाणी संगणकाकडून डिस्ककडे जात, उलटी येत नसत. स्वतः माइकने केलेलं रेकॉर्डिंगही नाही! हा अडसर सोनीने २००६च्या एमझेड-आरएच१ या यंत्रात काढला. ते जुन्या डिस्कही संगणकात उतरवतं. म्हणूनच सेकंडहँड बाजारात त्याचा भाव चढलेला असतो. अलीकडे हौशी मंडळींनी वेब मिनीडिस्क प्रो हे मोफत साधन ब्राउझरमध्ये चालेल असं केलंय, आणि काही जुन्या नेटएमडी यंत्रांमधूनही ते आवाज बाहेर काढतं. सगळ्या मॉडेलांवर नाही. तुमच्या यंत्राचा क्रमांक त्यात आहे का ते आधी बघा. माझं मत विचाराल तर दहा-वीस डिस्क असतील तर वायर लावून ऐकत ऐकत उतरवा. शंभर असतील तर यूएसबीच्या मागे लागा.

डॅटचं काम घरी करू नका. फिरतं हेड आणि जुनी टेप यांची गाठ पडली की टेप चुरगळते. पावसाळ्यात तर मुळीच नको : दमट हवेत ही यंत्रं स्वतःच आत ओल असल्याची खूण दाखवून चालायला नकार देतात, आणि कोकण-गोव्यात वर्षाचे चार महिने तशी हवा असते. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर कोणत्याही यंत्रात घालायच्या आधी जाणकाराकडे न्या. एका टेपची बुरशी यंत्रातून पुढच्या टेपला लागते.

साध्या ऑडिओ सीडीसाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखं मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते खरचटलेला भाग पुन्हा पुन्हा वाचून बघतं आणि कुठे जमलं नाही ते सांगतं. एमपीथ्री सीडी असेल तर फाईली नुसत्या कॉपी करा. त्यांचं वॅव्ह करत बसू नका, ताकाचं वर सांगितलंच आहे.

पायरी ५ : आज नवं रेकॉर्डिंग करताना

आज खिशातला रेकॉर्डर म्हणजे झूम, टॅस्कॅम, सोनी यांपैकी एखादं हातभर नाही, वीतभर यंत्र. वर दोन माइक, आत मायक्रोएसडी कार्ड. फॉर्मॅट विचारलं तर वॅव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. इथे चर्चा नाही. यंत्र एमपीथ्रीत रेकॉर्ड करायची सोय देतं, ती विसरा. कार्डं आता इतकी स्वस्त आहेत की त्या बचतीला अर्थ उरलेला नाही. ९६ किलोहर्ट्झचीही गरज नाही. तुमचा माइक, खोलीतला पंखा आणि बाहेरची रिक्षा यांच्यापुढे तो फरक कुणाला ऐकू येणार?

२४ बिटचा फायदा आता सांगते. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही छताची रेषा. आवाज तिला लागला की फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. म्हणून सगळ्यात मोठा आवाज उणे १२च्या आसपास राहील अशी लेव्हल ठेवायची. १६ बिटमध्ये एवढं खाली राहिलं तर तळाची खरखर जवळ येते. २४मध्ये तळ इतका खोल आहे की नंतर निर्धास्त आवाज चढवता येतो. रंगीत तालमीत गायक नेहमी हळू गातो. प्रत्यक्ष कार्यक्रमात पहिली टाळी पडली की तोच माणूस दीडपट मोठ्याने गातो. तेवढी जागा आधीच सोडा. पखवाज असेल तर आणखी.

अलीकडे ३२ बिट फ्लोट असलेले छोटे रेकॉर्डर आलेत. त्यांत लेव्हल लावायचीच नाही. फाटलेला वाटणारा आवाज नंतर खाली आणला की नीट निघतो. नवख्याला हे वरदान आहे आणि मी आता सरळ तेच घ्यायला सांगते. फक्त दोन गोष्टी लक्षात असू द्या : माइकच्या सोसण्यापलीकडचा आवाज कुठलाही फॉर्मॅट वाचवत नाही, आणि जागा तासाला १.४ जीबीच्या आसपास लागते.

मेनूत आणखी एक शत्रू दडलेला असतो, ऑटो लेव्हल. तो बंद करा. गायक थांबला की यंत्राला वाटतं आवाज कमी झाला, ते आपणहून चढवतं, आणि तानपुरा समुद्रासारखा उसळून वर येतो. षड्ज लागला की पुन्हा खाली. फोनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये जी दमा लागल्यासारखी उघडझाप ऐकू येते, ती हीच. फोनच वापरायचा असेल तर निदान फॉर्मॅट बदलून घ्या. आयफोनच्या व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये लॉसलेस हा पर्याय आहे, तो निवडा. अँड्रॉइडवर वॅव्हमध्ये रेकॉर्ड करणारं आणि लेव्हल हाताने लावू देणारं ॲप घ्या. आणि फोन विमान अवस्थेत टाका. भैरवीत रिंगटोन वाजलेली रेकॉर्डिंग माझ्याकडे तीन आहेत.

मोठा कार्यक्रम असेल तर फाईलची मर्यादा माहीत असावी. साधी वॅव्ह फाईल ४ जीबीपलीकडे जात नाही. काही रेकॉर्डर २ जीबीलाच नवी फाईल सुरू करतात. ४८/२४ला २ जीबी म्हणजे जेमतेम दोन तास. रात्रभराच्या कीर्तनात चार-पाच फाईली होणार. घाबरू नका, चांगलं यंत्र मधे काही सांडत नाही. संगणकावर ऑडासिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या एकापुढे एक जोडता येतात. घरी येईपर्यंत कार्ड मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नका.

पायरी ६ : ऐकण्यासाठी छाटा, पण किती?

एमपीथ्री वाईट नाही. जर्मनीत एरलांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं माणसाच्या कानाचा अभ्यास करून ते घडवलं. एमपीथ्री हे फाईलचं शेपूट १९९५च्या जुलैत ठरलं. त्यामागची युक्ती आपल्या मैफलीतच दाखवता येते. डग्ग्यावर घुमारा पडतो त्या क्षणी, त्याच्या जवळपासच्या स्वरपट्टीतली बारीक कुजबुज कानाला ऐकू येत नाही. येत नाही तर लिहायची कशाला? अशा झाकल्या गेलेल्या आवाजांवर ते कमी जागा खर्च करतं.

पण आपलं संगीत या युक्तीची परीक्षा बघतं. टाळ, चिपळ्या, झांज यांचा आघात अचानक येतो, आणि कमी दराच्या एमपीथ्रीत आघाताच्या आधीच एक फिस्स असा धूर ऐकू येतो. युरोपात कॅस्टनेट वाजवून हा दोष तपासत. आपल्याला पंढरीची वाट पुरे. दुसरा बळी तानपुरा. जवारीचे वरचे स्वर एकमेकांत विणलेले असतात. दर कमी झाला की ते पाण्याखालून आल्यासारखे हलायला लागतात. १२८ केबीपीएसला सिनेगीत चालून जाईल, तानपुरा नाही.

म्हणून माझा साधा नियम : भाषण, व्याख्यान, शिकवणीतलं बोलणं १२८ला चालेल. गाण्याला २५६ किंवा ३२०. त्याच दराला एएसी किंचित बरं असतं आणि ओपस कमी दरातही कमाल करतं. व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप ओपसमध्येच असतात. पण गाडीतल्या प्लेअरला ओपस कळेलच असं नाही. गाडी आणि पेनड्राइव्हसाठी एमपीथ्रीच, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ने फॉरमॅट केलेला. काही गाड्यांच्या पडद्यावर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात. काकांना अभंग शोधता येत नसतील तर फाईलीच्या आधी क्रमांक घाला.

ग्रुपवर पाठवताना फाईल डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे आहे तशी पोचते. डब्यातून आल्यासारखा आवाज येण्याचं कारण निम्म्या वेळा इथेच असतं : फोनवर व्हिडिओ काढला, तो ग्रुपवर पाठवताना पुन्हा छाटला गेला, कुणी त्यातून आवाज काढून एमपीथ्री केलं. तीनदा कापलेल्या कापडाची कफनी पण होत नाही. छाटणी एकदाच, आणि तीही मूळ वॅव्हवरून.

जाता जाता ब्लूटूथबद्दल. साध्या ब्लूटूथ हेडफोनकडे जाताना आवाज पुन्हा एकदा छाटला जातो, मग फोनमध्ये फ्लॅक असो की एमपीथ्री. दोन फॉर्मॅटांची तुलना करायची असेल तर वायरचे हेडफोन लावा, आणि ऐकायला घ्या तबल्याची शाई नव्हे, रिकामा तानपुरा.

पायरी ७ : मूळ जपा

मूळ वॅव्ह म्हणजे मुद्दल. त्यातून ऐकायच्या प्रती कितीही काढा, त्याला हात लावू नका. ठेवताना फ्लॅक करा. २००१पासूनचं हे खुलं तंत्र आहे, कुणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही, जागा बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास वाचते, आणि फाईल खराब झाली तर ते तपासता येतं कारण मूळ आवाजाची खूण तिच्यातच नोंदलेली असते. राग, कलाकार, तारीख हेही फाईलमध्येच लिहिता येतं. एक अपवाद : ३२ बिट फ्लोट फ्लॅकमध्ये मावत नाही, आधी लेव्हल नीट करून २४ बिट करा, मग फ्लॅक.

प्रती तीन. एक संगणकावर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. रेकॉर्डरमधलं कार्ड ही प्रत धरायची नाही. नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख, मग ठिकाण, मग राग. म्हणजे यादी आपोआप काळाच्या ओळीत लागते. साथीदारांची नावं आजच लिहा, दहा वर्षांनी पेटीवर कोण होतं हे कुणालाच आठवत नाही.

आणि मूळ फाईलची टोकं कापू नका. ऐकायच्या प्रतीतून हवं तर जुळवाजुळव, खाकरणं, खुर्च्या सरकवणं काढा. माझ्या डब्यात दोन डिस्क अशा निघाल्या की वर काहीच लिहिलेलं नव्हतं. पहिलीवर अर्धा तास नुसता तानपुरा. दुसरीवर अकरा मिनिटं तबला लावण्याची ठोकाठोक, मग बाईंचा आवाज : "आज किती तारीख गं? संक्रांत झाली ना परवाच? बरं, घे, काल राहिलेला अंतरा." त्या दोन वाक्यांवरून आणि माझ्या जुन्या वहीतल्या बंदिशीवरून वर्ष सापडलं. फाईलला नाव मिळालं.